मोकळं आहे

तिचा निम्मा जन्म रफू करण्यात गेला. कुणाच्या गरम कोटाला कसर लागायची, कुणाची नवीकोरी पँट खिळ्याला अडकायची, की लोक तिच्याकडे यायचे. जिन्याखालच्या खोलीत खिडकीशी बसून ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे उपसायची आणि उभेआडवे असे विणायची, की भोक कुठे होतं हे मालकालाही दाखवता येत नसे. गिऱ्हाइकं थट्टा करायची, "ताई, केलंत ना नक्की? की नुसतंच सांगताय?" ती म्हणायची, "शोधून दाखवा, फुकट घेऊन जा." फुकट कुणी नेलं नाही. गल्लीत तिला सगळे रफूताईच म्हणत.

नवरा दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून द्यायचा. मेणात दात बसवायचे, साचा घ्यायचा, घासून गुळगुळीत करायचं, असं त्याचं काम. नणंद म्हणायची, "शोभतो हो जोडा! एक कापडाची भोकं बुजवते, एक तोंडाची."

या माणसाला एकच वेड होतं, विमानांचं. खरी नव्हेत, खेळण्यातलीही नव्हेत. हलक्या लाकडाची, हाताएवढ्या नाहीतर त्याहून लांब पंखांची, छोटं इंजिन बसवलेली. हातातल्या रिमोटच्या दोन दांड्यांवर ती पाखरासारखी वळत. ज्या सुरीनं दिवसभर मेण कोरायचं, तिनंच तो संध्याकाळी लाकडाच्या फासळ्या कोरायचा. पंखांवर पातळ रंगीत फिल्म चढवायची असते. ती इस्त्रीच्या उबेनं आवळून बसवायचं काम तिचं. एक सुरकुती राहायची नाही. लग्नानंतर दोघांनी मिळून केलेलं असं हे एकच काम. मूलबाळ झालं नाही. विमानं झाली.

दर रविवारी दोघं शहराबाहेर जात. तिथे एका बंद पडलेल्या कारखान्यामागे मोठं सपाट पटांगण होतं, पलीकडे झुडपं. आणखी दोघं नेमानं येत. एक निवृत्त मास्तर, तोंडाचा पट्टा सतत चालू. दुसरा एका दवाखान्यातला कंपाउंडर. उंच, सडपातळ, निळी टोपी, चालताना डावा खांदा किंचित झुकलेला. हा तिला काकू म्हणायचा. विमान उडालं की या दोघांची सामानाची जड लाकडी पेटी न सांगता उचलून सावलीत नेऊन ठेवायचा, कारण बॅटऱ्यांना ऊन सोसत नाही.

या खेळात एक शिस्त असते. विमान हवेत असेपर्यंत उडवणाऱ्यानं त्याच्यावरची नजर काढायची नाही. मग बाकीचं आकाश आणि खालची जमीन बघायला त्याच्या खांद्याशी कुणीतरी लागतं. दुसरं विमान आडवं येतंय का, वाट चुकून कुणी खाली चालतंय का, ते त्यानं बघायचं. त्यानं दोनच गोष्टी बोलायच्या, "मोकळं आहे" किंवा "थांबा." तिसरा शब्द नाही. नवी नवी होती तेव्हा ती एकदा बोलून गेली होती, "अहो, चहा गार होतोय." नवऱ्यानं मान वळवली आणि विमान नाकावर जमिनीत घुसलं. तो ओरडला नाही. गुडघ्यांवर बसून एकेक काटकी वेचत राहिला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर ती विसरली असती. ते वेचणं विसरली नाही. तेव्हापासून विमान हवेत, की तोंड बंद.

त्याच्या डाव्या खांद्याशी ती जागा तिची. मितभाषी माणूस तो. पण परतताना कधीतरी म्हणायचा, "आज तू होतीस म्हणून." एवढं तिला आठवडाभर पुरायचं.

आणि तिचे डोळे गेले.

एकदम नव्हे. आधी सुईचं नेढं गेलं. मग छापलेली अक्षरं. मग माणसांचे चेहरे. ज्याच्याकडे बघावं तेवढंच मधून पुसलं जायचं, कडेचं सगळं जागच्या जागी. बहिणीकडे जाते असं सांगून ती एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. ते म्हणाले, "आतला पडदा झिजलाय, बाई. आहे तेवढं सांभाळू. गेलेलं परत येत नाही." घरी तिनं सांगितलं की बोटं दुखतात, आता रफू बंद. नवऱ्यानं बोटांना लावायला मलम आणलं. ती ते इमानानं लावत राहिली.

रफू गेलं ते गेलं, निदान रविवार राहू दे, एवढंच तिच्या मनात. डोळ्यांचं कळलं तर तो दुसऱ्या कुणाला खांद्याशी उभं करील आणि आपण घरात भिंतीकडे तोंड करून बसू, या धास्तीनं ती मूग गिळून बसली. इंजिनाच्या आवाजावरून तिला विमान कळायचं. माणसं टोपीवरून, उंचीवरून, चालीवरून ती जुळवायची. जिथे धागा सापडत नसे तिथे आठवणीतला ओढून घ्यायची. तेही रफूच. शोधून कुणी दाखवलं नाही.

त्या रविवारी कंपाउंडरचं विमान पलीकडच्या झुडपांत जाऊन पडलं आणि तो ते शोधायला गेला. मास्तर आपलं विमान उडवत होते, इकडे नवरा आपलं. सगळ्यांच्या माना वर. चोरानं जागा मोठी हेरून निवडली होती.

तिला मागे पावलं ऐकू आली. वळून पाहिलं. उंच अंग, काहीतरी निळं डोक्यावर, पेटीवर वाकलेलं. बाकीचं तिच्या मनानं भरून काढलं. नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा हळू आवाजात ती म्हणाली, "सावलीत ठेव रे. आणि नीट धर, जड आहे."

"बरं, आई," तो म्हणाला.

कंपाउंडर तिला आई कधीच म्हणत नसे. आवाजही त्याचा नव्हता. पावलं कडेच्या झाडांकडे न जाता फाटकाकडे निघाली. ओरडली असती तर मास्तर आपलं विमान टाकून धावले असते. पण नवऱ्याचं विमान उतरायला खाली आलं होतं, जमिनीपासून जेमतेम माडीएवढं उंच. एक शब्द आणि ते मातीत. ती विमानासाठी गप्प राहिली, की "मग तू त्याला ओळखलं कसं नाहीस?" या प्रश्नाच्या भीतीनं, हे तिचं तिलाही पुढे कधी सांगता आलं नाही. फाटकाबाहेर मोटारसायकल सुरू झाली. विमान अलगद उतरलं.

"पेटी कुठाय?" नवऱ्यानं विचारलं.

"एक माणूस घेऊन गेला."

"घेऊन गेला म्हणजे? तू बघत होतीस?"

"विमान हवेत होतं," ती म्हणाली.

दुसरं इंजिन, जास्तीचा रिमोट, बॅटऱ्या, आणि त्याच्या उस्तादानं मरताना दिलेल्या मेण कोरायच्या सुऱ्या, सगळं त्या पेटीत होतं. हातातलं आणि हवेतलं तेवढं उरलं, जमिनीवरचं गेलं. विमान उचलून घेत तो म्हणाला, "बरोबर केलंस. मीच शिकवलं होतं." आणि मास्तरांकडे वळून, "बघितलंत? डोळ्यांदेखत गेलं, पण तोंडातून शब्द नाही."

"धन्य आहात वहिनी!" मास्तर म्हणाले. "आमची असती तर विमानाबरोबर मलाही खाली पाडलं असतं."

तिनं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

झुडपांतून कंपाउंडर मोडका पंख घेऊन आला तेव्हा सगळे चौकीवर निघाले होते. तोही बरोबर आला. चौकीतल्या पोलिसानं तिला खुर्ची दिली. "बाई, तुमच्यापासून हातभर अंतरावरून उचलली म्हणता. कसा होता दिसायला?"

दिसला नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण नवरा शेजारी ताठ उभा होता, थोड्या वेळापूर्वीच्या अभिमानानं. ती म्हणाली, "उंच. बारीक. निळी टोपी."

"आणखी?"

आणखी तिच्याजवळ काही नव्हतं. होतं ते पेटीवर वाकलेल्या त्या अंगावर तिनं मनानं चढवलेलं. तेच तिनं दिलं. "चालताना डावा खांदा खाली."

मास्तरांना कुठे थांबावं ते कधीच कळलं नाही. हसून म्हणाले, "अहो, हा तर आमचा कंपाउंडर!"

हसलं कुणीच नाही. पोलिसानं मान वर करून दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही कुठे होतात त्या वेळी?"

"झुडपांत. विमान शोधत होतो."

"कुणी पाहिलं?"

कुणीच पाहिलं नव्हतं. सगळे वर बघत होते.

"काकू," कंपाउंडर म्हणाला, "सांगा ना यांना. मी असतो तर तुम्ही ओळखलं नसतं का?"

"हा नव्हता," ती घाईनं म्हणाली. "आवाज वेगळा होता."

"चेहरा?" पोलिसानं विचारलं. "चेहरा वेगळा होता की नाही ते बोला."

"नीट... लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतं, पण खांदा दिसला," पोलीस म्हणाला. "ओळखीचा माणूस असला की असंच होतं, बाई. सांगवत नाही."

दुसऱ्या दिवशी पोलीस दवाखान्यात जाऊन आला. कंपाउंडरच्या घराची झडती झाली. म्हातारी आई कपाटातले कपडे बाहेर पडताना बघत बसली. काही सापडलं नाही. पण दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, "हे मिटेपर्यंत तू घरीच थांब. पेशंट बोलतात." आणि ज्या माणसानं आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं तो तिचा नवरा जेवताना म्हणाला, "पेटीत काय आहे ते त्यालाच ठाऊक होतं. त्या इंजिनावर त्याचा डोळा होता, मला आधीच जाणवायला हवं होतं."

"तसा नाही हो तो."

"तू भोळी आहेस. ओळखलंस त्याला, आणि अजून पांघरूण घालतेस."

तिनं त्याला आणखी एक पोळी वाढली.

रोज ती ठरवायची, आज सांगू. रोज नवरा काही ना काही शोधताना दिसायचा आणि म्हणायचा, "ती सुरी असती तर..." आणि तिचं धैर्य ओसरायचं. शेवटी बाजारात कंपाउंडरची आई समोरून आली. हिनं ओळखलं नाही, नुसती पुढे निघाली. मागून शब्द आले, "जा, जा. आता कशाला ओळख देशील!" तेव्हा तिला कळलं की समोरून कोण गेलं.

ती घरी आली. नवरा टेबलाशी कवळीला दात लावत बसला होता. पिशवी न ठेवताच ती म्हणाली, "चोर कसा होता ते मला माहीत नाही. मला दिसलाच नाही. मला चेहरे दिसत नाहीत."

"म्हणजे?"

"तुमचासुद्धा नाही. मी तुमच्याकडे बघते तेव्हा तिथे नुसता डाग असतो. पेटी उचलणारा कंपाउंडर असणार, असं मला वाटलं. म्हणून टोपीही त्याची, खांदाही त्याचा. 'नीट धर' असं मीच म्हणाले त्या चोराला."

हातातलं मेण त्यानं खाली ठेवलं. "बोटं दुखतात म्हणून रफू सोडलंस..."

"बोटं बरी आहेत."

तो रागावेल, पेटीसाठी बोलेल, त्या बिचाऱ्याच्या नोकरीसाठी बोलेल, अशी तिची तयारी होती. तो पेटीबद्दल बोललाच नाही. त्यानं विचारलं, "मग तू 'मोकळं आहे' म्हणायचीस, ते?"

"आवाजावरून."

"आवाजावरून." तो उठून उभा राहिला. "त्या पटांगणातून माणसं शिरतात. लाकडं वेचायला बायका येतात. चालणाऱ्या माणसाचा कसला आवाज येतो गं, इंजिन चालू असताना? तुझ्या शब्दावर मी विमान डोळे झाकून खाली आणत होतो. कुणाच्या डोक्यात गेलं असतं तर?"

हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. विमान पडेल, ही भीती तिला होती. कुणावर पडेल, ही नव्हती.

चौकीवर दोघं गेली. पोलीस म्हणाला, "आधी दिसलं, आता दिसत नाही. पुढच्या आठवड्यात काय, ऐकूही येत नव्हतं म्हणणार?" पण त्यानं संशय काढून टाकला. पेटी मिळाली नाही. डॉक्टरांनी तोवर दुसरा माणूस ठेवला होता. दोघं कंपाउंडरच्या घरी गेली तर त्यानं दार उघडलं, बसा म्हणाला, पाणी दिलं. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "एवढंच होतं तर त्याच दिवशी बोलायचं होतं, काकू. मी तुम्हाला हात धरून नेलं असतं." आतून आईनं भांडं आपटलं. दोघं उठली. पटांगणावर तो परत कधी आला नाही.

नवराही गेला नाही. मास्तर दोनदा बोलवायला आले, मग थांबले. उरलेलं विमान त्यानं खोलीत आढ्याला, हात पुरेल असं टांगलं. पंखांवर बसलेली धूळ ती हात फिरवून पुसते. फिल्मला अजूनही एक सुरकुती नाही.

तो तिला डॉक्टरांकडे नेतो, डोळ्यांत थेंब घालतो, जिन्यावर हात देतो. घरात शिरताना दारातच म्हणतो, "मी आहे." त्याचं पाऊल तिला पहिल्या पायरीपासून कळतं, हे त्याला माहीत आहे. तरी रोज म्हणतो. मायेनं म्हणतो की सुनावतो, ते आवाजावरून सांगता येत नाही. त्यासाठी चेहरा बघावा लागतो. ती चेहरा त्याच्याकडे वळवते आणि म्हणते, "हो, या."