गाभ्याचं काम

जगातली कोणतीही गोष्ट आहे तशी राहू देऊ नये आणि कोणतीही गोष्ट एकदम बदलू नये, ही दोन मतं एकाच डोक्यात सुखाने नांदवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा धाकटा साडू निघाला. राहतो अहमदपूरला. दिवसा कुठल्याशा कंपनीची नोकरी घरूनच करतो आणि उरलेला सगळा जीव एका फुकट मिळणाऱ्या संगणक प्रणालीत ओततो. ती प्रणाली जगभरातले त्याच्यासारखेच हौशी लोक मिळून बनवतात. संगणक सुरू केला की आपल्याला न दिसता आत राबत असतो तो तिचा गाभा. हा गाभा एकाच मोठ्या गाठोड्यात यायचा. त्यातलं एवढंसं काही सुधारायचं तरी अख्खं गाठोडं बदलावं लागे. साडूचं म्हणणं असं की गाठोडं सोडा, प्रत्येक भागाची वेगळी पुडी बांधा, बिघडेल तेवढीच पुडी बदला, आणि जुनी फेकू नका. नवी नांदली नाही तर परत जुनीवर येता आलं पाहिजे. माझा कोरा चेहरा बघून तो म्हणाला, "दादा, नळ गळायला लागला तर तुमी घर पाडता का? आमच्याकडं इतके दिवस घरच पाडून राह्यलेत."

इथवर ठीक होतं, पण हे तत्त्व त्याने संगणकापुरतं ठेवलं नाही. त्याच्या मोटरसायकलचा एकही भाग आता मूळचा नाही, आणि काढलेले सगळे भाग माडीवर पोत्यात भरून ठेवलेले आहेत, म्हणजे वेळ आली तर मूळ गाडी परत उभी करता यावी. घराची एकच भिंत रंगवून तो वर्षभर थांबला, ती सगळ्यांना मानवते का बघायला. एकदा नांदेडला माझ्याकडे आला असताना मला चपलांच्या दुकानात घेऊन गेला आणि फक्त उजवी चप्पल मागितली. दुकानदार म्हणाला, "आन् डावीचं मी काय करू?" साडू शांतपणे म्हणाला, "ठेवा ना. माझी डावी झिजली की येतोच." दुकानदाराने त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं, आणि त्या दुकानापुढून मी अजून जात नाही. माझी मेहुणी तर म्हणते, "बरं झालं बाई, लगीन एकदमच लागलं. न्हाई तर यांनी आधी नुसत्या अक्षता टाकून बघितल्या असत्या."

त्याच्या या कामाबद्दल आमच्या सासऱ्यांचं मत फारसं बरं नव्हतं. सासरे म्हणजे लोहा गावचे निवृत्त मास्तर. आम्ही दोघं जावई त्यांना मामा म्हणायचो. "पोट भरत न्हाई त्याला छंद म्हणावं, काम न्हाई," असं ते साडूच्या तोंडावर म्हणत. त्यांना स्वतःला छंद होता मंगलाष्टकं रचायचा. गावात कुणाचंही लग्न ठरलं की मामा साडूनेच बसवून दिलेल्या संगणकावर दोन्ही घरची नावं गुंफून अष्टकं तयार करत. पुढे गावातली लग्नं कमी पडू लागली, तेव्हा त्यांनी आपल्या नातीचं, म्हणजे साडूच्या मुलीचं अष्टक आगाऊ रचायला घेतलं. नात तेव्हा तिसरीत होती. नवऱ्याच्या नावापुरती जागा त्यांनी कोरी सोडली होती.

अधिक महिना आला आणि मामींनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. नेमकं त्याच सुमारास साडूची पुड्यांची योजना मंजुरीला आली होती. कुणा साध्यासुध्या माणसाच्या घरच्या संगणकावर ती आठवडाभरात चालवून दाखवायची, चालली तर प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीत घेणार, असं ठरलं होतं. इतक्या वर्षांची मेहनत त्यावर लटकलेली. साडूने निवडला मामांचा संगणक. "धोंड्याच्या दिवशी जावयाला कुणी बोलत न्हाई, दादा," तो माझ्या कानात म्हणाला.

पुरणाचे धोंडे तुपाशी खाऊन, कपाळाचा टिळाही न पुसता त्याने नवा गाभा चढवला. संगणक झकास सुरू झाला. मामा खुर्चीवर बसले आणि त्यांनी नातीचं अष्टक उघडलं. पडद्यावर नुसते रिकामे चौकोन, ओळीने मांडलेले. मामांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"जावईबापू, हे काय?"

"मराठी अक्षरं ऐच्छिक पुडीत हायेत, मामा. ती वेगळी मागवावी लागते."

"आन् इंग्रजी?"

"ती गाभ्यात हाय."

"ही वाटणी कुणी केली?"

साडू म्हणाला, "मीच."

जावयाला बोलायची सोय नव्हती. दिवसच तसा होता. "चहा घ्या," एवढंच म्हणून ते उठले.

साडूने जुना गाभा परत आणला आणि चौकोनांची अक्षरं झाली. गाभा चालला होता, मागे येणंही जमलं होतं. त्यांच्या नियमाप्रमाणे परीक्षा पास. मी तसं म्हणालोही. तो ओट्यावर धोंड्याला मिळालेल्या नव्या शर्टात बसून राहिला. मग त्याने जगभरच्या मंडळींना कळवलं की चाचणी नापास झाली, सगळ्या भाषांची अक्षरं गाभ्यात घ्या, मगच माझी योजना घ्या. गाभा जड होईल म्हणून वाद झाला, वादात मुदत गेली, आणि योजना राहिली. हाती आलेलं घालवलं म्हणून मेहुणी त्याच्याशी कित्येक दिवस बोलत नव्हती. मामा मात्र तेव्हापासून येईल त्याला सांगू लागले, "आमचे धाकटे जावई गाभ्याचं काम करतात."

योजना त्यापुढच्या आवृत्तीत आली, अक्षरांसकट. तोवर मामा गेले होते. सगळ्या गोष्टींत मागे यायची सोय करून ठेवणाऱ्या या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा हतबल झालेलं बघितलं, आणि मला त्याची फार माया आली.

मामांचा संगणक आता अहमदपूरला आहे. नवी पुडी आधी त्यावर चढते. साडू आपल्या मुलीचं ते अष्टक उघडतो, ओळीवरून ओळ डोळ्यांखालून घालतो, हळूच म्हणतो, "दिसून राह्यलंय, मामा," आणि मगच ती पुडी जगाकडे पाठवतो. नवऱ्याच्या नावाची जागा अजून कोरीच आहे. त्याच्या घरात त्याने हात न लावलेली तेवढी एकच गोष्ट मला ठाऊक आहे.