स्कॅनिंगचा उपास

स्कॅनिंग सेंटरच्या बाईंनी फोनवर आईला एवढंच सांगितलं होतं, "नाळे उपवासदल्ली बन्नी, अम्मा." उद्या उपाशी या. दहा वर्षं बेंगळुरूत राहूनही आईला कन्नड येत नाही, पण या वाक्यातला एक शब्द तिला नको इतका चांगला कळला. सकाळी उठून तिने साबुदाण्याची खिचडी केली. साजूक तुपातली, भरपूर दाण्याचं कूट घातलेली.

हे मला कळलं ते रजा टाकून, हेब्बाळच्या पुलावर पाऊण तास अडकून, आईच्या पोटाला ते गार जेल लागल्यावर. आठवड्यापूर्वी उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती ओट्यापाशी खालीच बसली होती, म्हणून हा सगळा खटाटोप. डॉक्टरीणबाई स्क्रीनकडे बघत हिंदीत म्हणाल्या, "पित्ताशय पार आक्रसलंय. काही खाल्लंय का यांनी?"

"छे," आई म्हणाली. "उपास आहे. नुसती खिचडी."

मी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरीणबाईंनी मात्र न चिडता समजावलं. यकृतात तयार झालेलं पित्त या पिशवीत साठतं. तूप-दाणे पोटात गेले की पिशवी आवळते आणि पित्त नळीतून आतड्यात उतरतं. अशा रिकाम्या पिशवीत खडे नीट दिसत नाहीत, आणि एखादा खडा नळीत अडकला असेल तर कावीळ व्हायची भीती. तेव्हा उद्याच या, म्हणाल्या.

परतताना मी आईला नाही नाही ते बोलले. माझ्या रजा काय झाडाला लागतात का, असंही विचारलं.

"दवाखान्याचा उपास वेगळा असतो हे मला काय माहीत," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रजा, पुन्हा तोच पूल. या खेपेला पिशवी भरलेली होती. तिच्यात चार खडे स्पष्ट दिसले, आणि नळीही फुगलेली होती. एखादा खडा तिथे उतरला असावा, लगेच दाखल करा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जेवल्यावर दुखायला कधीपासून लागलं, हेही त्यांनी विचारलं. गेल्याच आठवड्यापासून, असं मी सांगणार होते.

"दिवाळीपासून," आई म्हणाली. "म्हणून तर रात्रीचं जेवण सोडलं."

आता उन्हाळा लागला होता. इतके महिने मी रोज रात्री मुलांना ऐकवत होते, आजीसारखं बेतानं जेवायला शिका. मला माझीच चीड आली. मी हे बोलायचे तेव्हा ती समोर उभी राहून आम्हाला गरम पोळ्या वाढत असायची.