ओली चांदी

दुपारची वेळ. प्रयोगशाळेत प्रयोगाच्या पेटीतली हवा उपसणारा पंप घरघरतो आहे आणि खुर्चीत बसल्या बसल्या हेमांगीचे डोळे मिटतात. पुरते नाहीच, चुंबक उलटा केला तरी पडद्यावरची रेघ जागची हलली नाही, हे तिला झोपेच्या उंबऱ्यावरही टोचतं आहे.

"बाईसाहेब, चहा टाका की," शेजारून आवाज येतो.

कुंभोजकर. तिचा सहकारी, गेल्या श्रावणात अपघातात गेला. रेणू त्याने घडवला, त्यातून वीज धाडली तिने. दोन तारांच्या टोकांमध्ये बसवलेला तो चुंबकी रेणू म्हणे सायकलच्या व्हॉल्व्हसारखा: एकाच फिरकीच्या, म्हणजे स्पिनच्या, इलेक्ट्रॉनांना वाट देतो, तीही एकाच दिशेने. कुंभोजकरने विभागभर पेढे वाटले होते. गडी हौशीच.

खुर्च्या आता एसटीच्या झाल्या आहेत. बाहेर ऊस.

"चुंबक उलटा केलास?"

"केला. विजेची दिशाही उलटायला हवी होती. नाही उलटली." ती त्याच्याकडे वळते. "रेणू काही करत नाही रे. तू चांदीच्या लेपाने तार चिकटवलीस, तो सांधाच कच्चा आहे. वीज एका बाजूने तिथेच अडते."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पेढे वाटले त्याच संध्याकाळपासून. पण आईने पेढा देवापुढे ठेवला होता. उद्या सांगू म्हटलं, आणि उद्या राहूनच गेला."

ते त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात उभे आहेत. ओट्यावर लेपाची बाटली, मिठाच्या बरणीशेजारी.

"लोक अजून तुझं नाव काढतात," हेमांगी म्हणते. "मी नाही बोलणार. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मेल्यावर सव्वा लाख घेऊन काय करू?" तो हसतो, पण डोळ्यांत हसू नाही. "रेणूवर माझा भरवसा आहे अजून. सांधा नव्याने घाल. ह्या खेपेला तू घाल. मला बघायला मिळणार नाही, एवढंच वाईट वाटतं."

तो तिच्या तळहातावर काहीतरी ठेवतो आणि तिची मूठ मिटवतो. हात गार आहे.

पंप घरघरतो आहे. टेबलावर लेपाची बाटली तशीच. तो गेल्यापासून आतला लेप वाळून दगड झालेला, झाकणही फिरत नाही. हेमांगीची मूठ मात्र घट्ट मिटलेली. तिला फार रडू येतं. मग ती मूठ उघडते.

तळहातावर चांदीचा ठिपका आहे, ओला.

हा लेप बघता बघता वाळतो. हेमांगी उठते आणि पेटी उघडून सांधा घालायला पंप बंद करते.