डाव्या पायाची पावडी

मला स्वस्थ बसता येत नाही आणि मी दुसऱ्यालाही बसू देत नाही, असं आई म्हणायची. खरंच होतं ते. शाळेत शिकवत होते, त्यामुळे चुका काढायची खोड घरापर्यंत आलेली. बाबा पायांनी पावड्या दाबत हातमागावर लुगडी विणत. त्या वर्षी त्यांच्या विणीत जागोजागी धागे सुटायला लागले आणि मी हात धुऊन मागे लागले. "लक्ष कुठं असते तुमचं?" ते नुसते हसत.

मग त्यांचं पोट दुखायला लागलं. एक्स-रेत काही दिसेना, औषधांनी फरक पडेना. कॅन्सर हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना, पण मी तो कुणापुढे उच्चारला नाही. शेवटी डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, ते यंत्र शहरात नवीनच होतं. बाबांना औषध कालवलेलं पाणी पाजलं आणि यंत्राच्या गोल तोंडाशी झोपवलं. बाहेर येरझारा घालून मी तिथल्या आयाला वैताग आणला.

थोड्या वेळात तंत्रज्ञ बाहेर आला. "फोटो हलून राहिले, मॅडम. पाय शांत ठेवतच नाहीत ते."

मला शिशाचा जड एप्रन घातला आणि पाय धरायला आत नेलं. जन्मभर मागाच्या पावड्या दाबलेले पाय, घाबरले की आपोआप चालायचे.

"बाबा, हालू नका ना!" मी ओरडलेच.

"मी कुठं हालून राहिलो वं?"

उजवं पाऊल माझ्या मुठीत धडपडत होतं. डावं गप्प पडलं होतं. "हा पाय दाबा बाबा, पावडीवर दाबता तसा." जेमतेम हललं.

"कधीपासून?"

"झालं वर्षभर."

"सांगितलं काहून नाही?"

"तू मले मागावरून उठवलं असतं."

उठवलंच असतं. डावी पावडी पुरती दबत नव्हती, म्हणून धागे सुटत होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आतड्यांच्या मागे, कण्याला लागून, लिंबाएवढी गाठ दिसली. पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर वाढलेली. साधी असावी, पण काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशननंतर अहवाल येईपर्यंत मी धड जेवले नाही. गाठ साधी निघाली, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवरच बसून रडले.

पायातला जोर मात्र पुरता परतला नाही. तरी बाबा मागावर बसले. पहिलं लुगडं त्यांनी माझ्यापुढे पसरलं.

"पाह्य वं, विणीत काही दिसते?"

काठापासून वीतभर आत, ओळीनं धागे सुटलेले होते.

"नाही बाबा," मी म्हणाले, "काहीच नाही."