येसाजीचा स्टीलचा सायलेन्सर

येसाजीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. बंगळूरच्या श्रीरामपुरातल्या कोपऱ्यावरच्या नळाला तेव्हाच पाणी येई. त्याची बायको वसुमती कळश्या घेऊन पुढे जाई, दुसरी खेप तो आणी. रांगेत घुसणाऱ्यांकडे तो जसा बघे, तसाच साऱ्या जगाकडे बघे. नळ घरात आणायचं वचन त्याने तिला लग्नात दिलं होतं. पोरगी शाळेत जायला लागली, तरी नळ आला नव्हता.

राजाजीनगरच्या एका शेडमध्ये तो दुधाच्या टाक्यांना वेल्डिंग करी. टाकी जमिनीला जखडलेली, नळ्या टाकीला जखडलेल्या. हललं की काम कच्चं, हा त्याचा कायदा. समोर हयवदनचं गॅरेज होतं. हयवदन जुन्या टायरच्या पट्ट्या कापून त्यांवर गाड्यांचे सायलेन्सर टांगी.

"बघा, कपडे वाळत घालतोय," येसाजी म्हणे. हयवदनला ऐकू जाईल असंच म्हणे.

चौसष्टच्या उन्हाळ्यात विद्याधर नावाचे एक साहेब आले. सरकारी कारखान्यातले, मूळचे पुण्याचे. त्यांच्या फियाटचा सायलेन्सर दर पावसाळ्यात गंजून गळून पडे.

"जन्माचा करून द्या, येसाजी. स्टीलचा. गाडी नंदीच्या डोंगरावर जाऊन आली की पैसे देतो."

येसाजीने ते पैसे तिथेच मनातल्या मनात घरच्या नळासाठी धरून ठेवले. टाकीच्या पत्र्याचे तुकडे त्याने मालकाकडून विकत घेतले. कामाची पाळी संपली की तो पत्रा लोखंडी दांड्यावर गुंडाळी, शिवण वितळवून जोडी, कानशीने घासी. वळणासाठी नळीच्या तिरक्या फोडी कापून एकेक जोडल्या. हात फिरवला तर सांधा लागेना, तोवर घासलं. मग गाडीखाली शिरून जुन्या रबराच्या पट्ट्या उपटल्या, हयवदनच्या दारात फेकल्या, आणि नळी गाडीच्या सांगाड्याला जाड पोलादी पट्ट्यांनी आवळली.

हयवदन वाकून बघत होता. "अण्णा, स्वल्प मोकळीक ठेवा."

"मोकळीक आळशाला लागते."

रविवारी विद्याधर कुटुंबाला घेऊन नंदीला गेले. सोमवारी फियाट गल्लीत शिरण्याआधीच तिची डरकाळी आली. शेडमधली माणसं कामं टाकून बाहेर आली.

"ऐका!" विद्याधर उतरत म्हणाले. "देवनहळ्ळीपासून बायको कानात बोटं घालून बसली होती. हा तुमचा जन्माचा!"

"रस्ता वाईट असेल, साहेब."

"रस्ता तोच आहे. जुना पत्रा त्यावरून गप्प जात होता."

येसाजी गाडीखाली शिरला. इंजिनाजवळ नळीला भेग होती. सांधा शाबूत होता. सांध्याला लागून नळीच फाटली होती. त्याने इंजिन सुरू करायला सांगितलं आणि पडून बघत राहिला. इंजिन आपल्या रबरी बैठकीवर डुलत होतं. मागची नळी मात्र टाकीसारखी जखडलेली. पाच मिनिटं बघायची गोष्ट, ती त्याने आठवडाभर राबताना बघितली नव्हती. स्वतःकडे बघायला त्याच्याजवळ तीच एक नजर होती, जिने तो रांगेत घुसणाऱ्यांकडे बघे.

उठून तो समोर गेला. हयवदनकडे पाठ करून म्हणाला, "पट्ट्या दे."

"इंजिन नाचतं, अण्णा. तुम्ही त्याची शेपटी खिळ्याने ठोकलीत."

"पट्ट्या दे म्हटलं."

हयवदनने त्याच पट्ट्या दिल्या. उचलून ठेवल्या होत्या. येसाजीने भेगेजवळची नळी कापून टाकली, नवा तुकडा जोडला, पोलादी पट्ट्या सोडल्या, रबरावर नळी टांगली. आभार मानले नाहीत. पण 'कपडे वाळत घालतोय' हेही पुन्हा कधी म्हणाला नाही.

विद्याधरांनी गाडी पुन्हा नंदीला नेली, गप्प परत आणली, आणि पैसे दिले.

नळ परसात आला तेव्हा येसाजी जोडणाऱ्याच्या डोक्यावर उभा होता. "घट्ट आवळ. अजून."

"तुम्ही आधी बाजूला व्हा," वसुमती कळशी घेऊन आली. "नाहीतर हाही नंदीला जाऊन ओरडत येईल."

तो बाजूला झाला. तिने कळशी नळाखाली ठेवली आणि चावी सोडली.