सातव्या मजल्यावरचा फ्रॉक

२००७ साली नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्या आलिशान टॉवरमधले निम्मे फ्लॅट मुंबईकरांनी घेऊन नुसते कुलपात ठेवले होते. ओसाड इमारत बघून गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून इस्टेट एजन्सीतला शामसुंदर गायधनी बायकोच्या जुन्या साड्या तिथल्या बाल्कन्यांत वाळत घालायचा. इथं माणसं राहतात, एवढं खालून दिसलं की झालं.

त्या संध्याकाळी सातव्या मजल्यावर त्याला लहान मुलीचा फ्रॉक दिसला. तो काही त्यानं वाळत घातलेला नव्हता, आणि त्या फ्लॅटची चावी तर त्याच्याच खिशात होती.  तो लिफ्टनं वर गेला.

दार आतूनच उघडलं. समोर त्याच्याच वयाचा माणूस, हातात चिमट्यांची पिशवी, चेहरा पांढराफटक.

"मी घोलपांकडचा," तो माणूस म्हणाला.

घोलपांची इस्टेट एजन्सीही याच टॉवरमधले फ्लॅट दाखवायची, दुसरी चावी त्यांच्याकडे असायची; उद्यापासून ती शामसुंदरच्या एजन्सीत विलीन होणार होती.

"फ्रॉक नातीचा का?" शामसुंदरनं विचारलं.

"हो. म्हणजे खालच्या त्या साड्या तुमच्या? त्या बघून मला वाटायचं, निदान तिथं तरी कुणी राहतं."

दोघांनी मिळून बाल्कन्यांतले वाळत घातलेले कपडे काढले, पण एकमेकांकडे बघितलं नाही. उद्यापासून ऑफिस एकच असणार होतं, आणि कपडे वाळत घालायला माणूसही एकच लागणार होता.