नऊची अमळनेर

आमचे हे, मगन पाटील, धुळ्याच्या बसस्थानकावर तीस वर्षं कंट्रोलर होते. वेळ झाली की गाडी सोडायची, मग मागून कोणी का पळत येईना. देवपुरात लोक अजून यांच्या त्या शिस्तीचं कौतुक करतात. त्यांनी एकदा आमच्या घरी येऊन बघावं.

आमच्याकडे ठकी नावाची मांजर आहे. एरवी ती यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आज अमळनेरला माझ्या भाच्याचं लग्न, म्हणून नऊची गाडी धरायची होती. मी बॅगेची चेन ओढली मात्र, ठकी कुठूनशी आली आणि यांच्या मांडीवर पसरली.

"उठा की हो!"

"झोपेल शे ना ती," हे कुजबुजले.

झोपली कसली! मी बॅग उचलली की डोळे मिटूनच कान माझ्याकडे वळवत होती. ढकलायला गेले तर हे माझ्यावरच डाफरले. नऊ वाजून गेले. सव्वानऊला बाईसाहेब आपणहून उठल्या, आळोखेपिळोखे दिले आणि वाटीपाशी जाऊन बसल्या. हे लगबगीनं दूध घालायला धावले.

"दहाची आहे ना," वर मलाच म्हणाले. "माणसानं जरा धीर धरावा."

आमची मयुरी सहा महिन्यांची असताना, तिला कडेवर घेऊन मी अशीच नऊच्या गाडीमागे पळत होते. दोन मिनिटं उशीर झाला होता. माझ्याकडे बघत बघत यांनी गाडी सोडली होती.